अलास्काचा रस्ता आणि चाकांवरचे घर



प्रवासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांच्या मनात एक धास्ती असते, ती आम्ही जाणून आहोत. वक्ता आता तिकीट काढल्यापासून सुरुवात करील, विमानात काय खावयास दिले ते सांगेल, आणि घड्याळात नऊ वाजले तरी मुंबईचा विमानतळ सोडणार नाही, ही ती धास्ती. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, विमान, परवाने आणि सामान ही प्रकरणे आम्ही गाळली आहेत. दुसरे असे की, या व्याख्यानात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा नव्हे. आम्ही खरोखरच सहा जण होतो. आम्ही उभयता, कॅनडात एडमंटन येथे नोकरीस असलेले आमचे चिरंजीव, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. २०२४ च्या उन्हाळ्यात या सहा जणांनी एका मोटारघरात संसार थाटून कॅनडाच्या उत्तर पर्वतप्रदेशातून अठरा दिवसांत जाऊन-येऊन सुमारे पाच हजार किलोमीटरांची मजल मारली. ती ज्या रस्त्याने मारली तो अलास्काचा रस्ता.

या रस्त्यासंबंधी जी माहितीपुस्तके तिकडे मिळतात, त्यांत एक शब्द पानोपानी येतो. मराठीत त्याचा अर्थ 'निर्जन अरण्य' असाच करावा लागेल. निर्जन अरण्यातून जाणारा रस्ता, निर्जन अरण्यातील सरोवर, निर्जन अरण्यातील मुक्काम. निघताना आम्हांलाही त्या शब्दाची भुरळ होती, हे कशाला नाकारा? युकॉन नावाचा जो प्रांत आम्ही पाहिला त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक, आणि वस्ती किती? सुमारे पंचेचाळीस हजार! आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यांतली बहुतेक माणसे पुन्हा व्हाइटहॉर्स या एकाच राजधानीच्या शहरात. मग उरलेल्या प्रदेशाला निर्जन म्हणू नये तर काय म्हणावे? आज जे सांगावयाचे आहे, ते मुख्यतः या एका शब्दासंबंधी आहे.

पण आधी घराविषयी. मोटारघर म्हणजे तीस फूट लांबीची एक गाडी. पुढे चालकाची बैठक, तिच्या डोक्यावर माळ्यासारखा बिछाना, तो नातवंडांनी पहिल्याच क्षणी बळकावला. मध्ये एक मेज, ते रात्री खाली सरकवून त्याचा पलंग होतो. एका बाजूला गॅसची शेगडी, शीतकपाट, हात धुण्याची मोरी. मागे संडास आणि नहाणी मिळून आपल्या जुन्या वाड्यातील देवघराएवढी जागा. शीतकपाट गाडी थांबली की गॅसवर चालते. ज्वाळेने थंडी निर्माण होते, हे नातवाला शेवटपर्यंत पटले नाही. छताला धूर ओळखणारे एक यंत्र बसविलेले होते. पहिल्या दिवशी सूनबाईंनी पिठल्यासाठी मोहरी-हिंगाची फोडणी टाकली, मात्र त्या यंत्राने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या गाडीतील वृद्ध जोडपे धावत आले. त्यांना पिठले वाढावे लागले. पुढे फोडणीच्या वेळी खिडक्या उघडावयाच्या आणि आम्ही पंचा घेऊन त्या यंत्राखाली वारा घालीत उभे राहावयाचे, असा नियमच ठरून गेला.

गाडीच्या पोटाखाली तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. शहरात आपण नळ सोडतो आणि पाणी येते. साखळी ओढतो आणि नको ते निघून जाते. कोठून आले व कोठे गेले याची चौकशी कोणी करीत नाही. मोटारघरात ती करावी लागते. आमच्या टाकीत दीडशे लिटरांच्या आसपास पाणी मावे. सहा माणसे आणि दीडशे लिटर! तिसऱ्या दिवसापासून नातू दात घासताना नळ बंद ठेवू लागला, जे त्याच्या आईला सात वर्षांत साधले नव्हते. दोन-तीन दिवसांनी टाक्या रिकाम्या करण्याच्या ठरावीक जागी जावयाचे, हातमोजे चढवावयाचे, जाड नळी जमिनीतील भोकाला जोडावयाची, आणि आधी संडासाची टाकी सोडावयाची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम चिरंजीव आणि आम्ही आळीपाळीने करीत असू. ज्या घरात आपली घाण आपल्याच हाताने काढावी लागते, त्या घरात माणसे एकमेकांशी बरीच सभ्यपणे वागतात, असा आमचा अनुभव आहे.

आता रस्ता. ब्रिटिश कोलंबियात डॉसन क्रीक नावाचे गाव आहे. तेथे भर चौकात खांब रोवून त्यावर शून्य मैल असे लिहिले आहे. येथून अलास्काचा रस्ता सुरू होतो आणि अलास्कातील डेल्टा जंक्शन येथे संपतो. आज त्याची लांबी सुमारे दोन हजार दोनशे तीस किलोमीटर आहे. मूळचा रस्ता याहून पुष्कळ लांब होता, वळणे काढता काढता तो आखडला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्का हा अमेरिकेचा मुलूख, पण बाकीच्या अमेरिकेपासून तुटलेला. मध्ये सारा कॅनडा. समुद्रमार्ग सुरक्षित राहिला नाही. तेव्हा फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जमिनीवरून रस्ता काढण्यास मंजुरी दिली, मार्चमध्ये सैनिक उतरले, आणि २० नोव्हेंबर १९४२ रोजी रस्ता खुला झाल्याचा समारंभही उरकला! आठ महिने आणि काही दिवस. आपल्या गावच्या वेशीवरील पूल किती वर्षे चालू आहे, हे विचारून आम्ही आपला रसभंग करीत नाही.

या रस्त्यावर दहा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक राबले. त्यांतले सुमारे तिसरा हिस्सा कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्या शिपायांच्या पलटणी निराळ्या असत आणि त्यांच्यावरचे अंमलदार गोरे असत. यांतले कितीतरी जण दक्षिणेकडील उष्ण प्रांतांतून आलेले. बर्फ कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि येथे तंबूत राहून हिवाळा काढावयाचा. पंचाण्णवाव्या पलटणीची मोठी यंत्रे काढून ती गोऱ्यांच्या पलटणीस दिली गेली आणि यांच्या हाती कुऱ्हाडी, करवती, फावडी राहिली. याच पलटणीने सिकॅनी चीफ नदीवरचा लाकडी पूल चौऱ्याऐंशी तासांत उभा केला. बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहून, रात्री ट्रकचे दिवे लावून. आज तेथून गाडी नव्या पुलावरून मिनिटभरात पार होते. आम्ही मात्र पलीकडे गाडी बाजूला घेतली आणि नातवंडांना खाली उतरवून नदीच्या पाण्यात हात घालावयास लावला. जुलै महिना होता, तरी दहा आकडे मोजण्यापूर्वीच दोघांनी हात काढून घेतले.

पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस, अलास्काच्या सरहद्दीजवळ बीव्हर क्रीक येथे दक्षिणेकडून येणारी गोऱ्यांची तुकडी आणि उत्तरेकडून येणारी काळ्यांची तुकडी समोरासमोर आल्या. रेफिन्स सिम्स नावाचा काळा शिपाई आणि आल्फ्रेड यालुफ्का नावाचा गोरा शिपाई आपापल्या बुलडोझरवरून एकमेकांचा हात हातात घेत आहेत, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९४८ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा हुकूम काढला. एका रस्त्यामुळे तो निघाला असे कोणी म्हणणार नाही. पण काळे शिपाई काम करू शकत नाहीत असे जे अंमलदार म्हणत, त्यांची तोंडे या रस्त्याने बंद केली. अलास्कात गर्स्टल नदीवरील पुलाला १९९३ साली या कृष्णवर्णीय सैनिकांचे नाव दिले गेले. पन्नास वर्षे लागली. पूल चौऱ्याऐंशी तासांत होतो, नावाला पन्नास वर्षे लागतात.

फोर्ट नेल्सनच्या अलीकडे आम्हांला वेगळेच दृश्य दिसले. कोळशासारखे काळे खांब, दोन्ही बाजूंना, डोंगरापलीकडचा डोंगर भरून. २०२३ च्या मे महिन्यात डॉनी क्रीक नावाच्या ओढ्याजवळ वणवा लागला तो पुरते वर्ष पाहावयास उरला. सुमारे सहा हजार चौरस किलोमीटर अरण्य त्याने खाल्ले; त्या प्रांताच्या इतिहासात नोंदलेला हा सर्वांत मोठा वणवा. आणि नवल ऐका. बर्फ पडले, हिवाळा आला, तरी तो विझला नाही. तिकडच्या जमिनीत कुजलेल्या शेवाळाचा जाड थर असतो, त्या थरात बर्फाखाली आग धुमसत राहिली आणि वसंतात पुन्हा वर आली. आपल्याकडे राखेखालचा निखारा म्हणतात, तो चुलीत असतो. येथे तो तालुक्याएवढ्या जमिनीत होता. २०२४ च्या मे महिन्यात निराळ्याच एका वणव्यामुळे फोर्ट नेल्सन गाव दोन आठवड्यांहून अधिक काळ संपूर्ण रिकामे करावे लागले होते. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा दुकाने उघडली होती, पोरे सायकली फिरवीत होती. पेट्रोल भरणाऱ्या बाईंना विचारले, भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या की गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही, एवढेच.

येथून पुढे खरे पर्वत लागतात. समिट सरोवराजवळची खिंड हा या रस्त्यावरचा सर्वांत उंच बिंदू, बाराशे पंचाण्णव मीटर. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही कमीच. परंतु अक्षांशाचा प्रताप असा की, तेवढ्या उंचीवर झाडे खुजी होतात आणि थोडे वर नजर टाकावी तो झाडच नाही. मन्चो सरोवराचे पाणी हिरव्या पाचूच्या रंगाचे. रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या मधून कोरलेला, एक गाडी रुंद झाली तर काय, असे वाटावे इतका चिंचोळा. तेथे रानमेंढ्या रस्त्यावर येऊन जमीन चाटीत उभ्या होत्या, क्षारांसाठी. गाडी थांबवून आम्ही पंचवीस मिनिटे त्यांची वाट पाहिली. भोंगा वाजवावयाचा नाही, असा सूनबाईंचा हुकूम होता.

लिआर्ड येथील उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे कुंड, आमच्या सौभाग्यवतींना फार आवडले. वज्रेश्वरीची आठवण झाली म्हणाल्या. जमिनीतून बेचाळीस ते बावन्न अंश उष्णतेचे पाणी येते, त्या उबेमुळे भोवती अशी झाडेझुडपे आणि नेचे वाढले आहेत की उत्तरेचा हिवाळा त्यांना ठाऊकच नसावा. १९४२ साली रस्त्यावरचे शिपाई येथे आंघोळीला येत, लाकडी पायवाट पहिल्याने त्यांनीच घातली. माहितीपुस्तकात येथपर्यंत सर्व आहे. शिपायांच्या आधी कित्येक पिढ्या तेथली माणसे या पाण्यात उतरत होती, हे एका ओळीत आहे. ती ओळ वाचली तेव्हा आमच्या मनात 'निर्जन' या शब्दाला पहिली चीर गेली.

वॉटसन लेक येथे पाट्यांचे अरण्य आहे. १९४२ साली घरची आठवण येणाऱ्या एका सैनिकाने आपल्या गावाच्या नावाची आणि अंतराची पाटी रोवली. तिचे पाहून इतरांनी रोवल्या. आज त्यांची संख्या ऐंशी हजारांच्या वर आहे. जगातील गावोगावच्या पाट्या! आम्हीही कागदी पुठ्ठ्यावर आपल्या गावाचे नाव मराठीत लिहून ठोकले. पुठ्ठा पहिल्या बर्फात गेला असेल. पण तेथे उभे असता एक विचार मनात आला. ऐंशी हजार परक्या गावांची नावे येथे आहेत. या जागेचे स्वतःचे जुने नाव काय?

ते नाव शोधावयाचे तर टेस्लिनपर्यंत जावे लागते. टेस्लिन हे ट्लिंगिट लोकांचे गाव, लांबट सरोवराच्या काठी. रस्ता काढताना पाहणी करणाऱ्यांपुढे वाटाड्ये म्हणून चालत होते ते याच प्रदेशातले आदिवासी. डोंगरातून कोठून पार होता येईल, दलदल कोठे आहे, हे त्यांना पायांनी माहीत होते. निर्जन प्रदेशात वाटाड्या कोठून मिळतो, असा प्रश्न कोणी विचारला नाही. रस्ता आला आणि त्याच्याबरोबर हजारो अनोळखी माणसे आली. १९४२-४३ मध्ये टेस्लिनमध्ये गोवर, डांग्या खोकला, कावीळ, हगवण, गालगुंड अशी साथीमागून साथ आली. ज्यांच्या अंगी या रोगांची सवय नव्हती, त्यांत ती घुसली. ज्या समारंभात फीत कापली गेली, त्या समारंभाच्या वर्णनात हे नाही. त्याच फितीच्या दुसऱ्या टोकाला हे होते, एवढेच आम्ही म्हणतो.

व्हाइटहॉर्स शहराविषयी आम्ही फारसे सांगत नाही. शहर ते शहर. तेथे किराणा भरला, कपडे धुतले, आणि एका दुकानात चक्क हिंग मिळाला.

व्हाइटहॉर्सपासून पश्चिमेस दिवसभराच्या आत क्लुआनी सरोवर येते. श्रोतेहो, जगात काही थोड्या जागा अशा असतात की तेथे माणूस बोलणे विसरतो. करड्या-निळ्या रंगाचे सुमारे चारशे चौरस किलोमीटरांचे पाणी, त्याला टेकून उभे राहिलेले उघडे डोंगर, आणि त्यांच्यामागे सेंट एलायस पर्वताची हिमशिखरे. कॅनडातील सर्वांत उंच शिखर, पाच हजार नऊशे एकोणसाठ मीटरांचे लोगन, त्याच रांगेत आहे, पण ते रस्त्यावरून दिसत नाही. पुढचे डोंगर त्याला झाकतात. ध्रुवप्रदेश सोडल्यास एवढे मोठे हिमक्षेत्र पृथ्वीवर दुसरीकडे नाही. १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. सरोवराच्या काठी शिपायांच्या नावाची एक टेकडी आहे, तीवर पंधरावीस मिनिटे चढून जावे, म्हणजे रस्ता खुला झाला ती जागा लागते. तेथून सरोवराच्या दक्षिण टोकाकडे पाहिले. नकाशात तेथे रुंद नदी सरोवराला मिळते. समोर मात्र धुळीचा लोट उठत होता.

ही नदीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे. कास्कावुल्श नावाची प्रचंड हिमनदी आहे. तिच्या टोकाशी बर्फ वितळून जे पाणी होई ते दोन वाटांनी जाई. मोठा भाग स्लिम्स नदीतून उत्तरेला, क्लुआनी सरोवरात, तेथून नद्यांमागून नद्या ओलांडीत युकॉन नदीत, आणि शेवटी बेरिंग समुद्रात. दुसरा भाग दक्षिणेला आल्सेक नदीतून थेट प्रशांत महासागरात. हवामान तापत गेले, हिमनदीचे टोक मागे सरत गेले. १९५६ ते २००७ या काळात ते सहाशे मीटरांहून अधिक मागे सरले. टोकाशी बर्फातून एक खोल घळ पडली आणि उत्तरेकडचे पाणी त्या घळीतून दक्षिणेच्या उतारावर जाऊ लागले. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस अवघ्या चार दिवसांत स्लिम्स नदीचा प्रवाह कोसळला. चार दिवस! भूगोलाच्या पुस्तकात नदीने नदीचे पाणी पळविणे ही लाखो वर्षांची गोष्ट म्हणून आपण शिकलो. येथे ती आठवड्याच्या आत, नोंदी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत झाली. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात क्लुआनी सरोवराची पातळी सुमारे दीड मीटरने खाली होती. नदीच्या उघड्या पडलेल्या पात्रातला पिठासारखा गाळ वाऱ्याबरोबर उडतो. आम्ही पाहिला तो लोट म्हणजे ती नदी होती, असे म्हटले तरी चालेल.

आपण महाराष्ट्रातील मंडळी या गोष्टीला अगदीच परकी नाही. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले कोयनेचे पाणी आपण बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरविले आणि वाशिष्ठीत सोडले. त्यावर वीज केली. पण ते आपण ठरवून केले, कागदावर आराखडा काढून केले. क्लुआनीचे पाणी कोणी ठरवून वळविले नाही. आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा भाग पुरा होत नाही. तीन-चार शतकांपूर्वी हे सरोवर दक्षिणेसच वाहत होते. त्या वेळी हिमनदी पुढे सरकली, तिने वाट अडविली, पाणी चढले आणि उत्तरेस फुटले. म्हणजे सरोवराने दिशा पूर्वीही बदलली होती. मात्र ती थंडीने बदलली होती, आणि आता उबेने.

सरोवराच्या काठी बर्वॉश लँडिंग हे लहान गाव आहे. तेथे दक्षिण टचोनी लोकांची वस्ती आहे. सरोवराचे त्यांचे नाव 'लू-आन मान', मोठ्या माशांचे सरोवर. याच नावाचा अपभ्रंश म्हणजे क्लुआनी. आमच्या शेजारच्या तळावर त्या गावातील एक वृद्ध बाई नातवाला घेऊन मासे धरावयास आल्या होत्या. पाणी मागे गेल्यामुळे होडी लावण्याची जुनी जागा कोरडी पडली आहे, ती त्यांनी आम्हांला बोटाने दाखविली. आमच्या नातीला त्यांनी सरोवराच्या नावाचा उच्चार तीनदा म्हणावयास लावला. तिसऱ्या खेपेस त्या हसल्या, बरोबर आला म्हणून की चुकला म्हणून, कळले नाही.

या लोकांची हकिगत अशी. रस्ता झाल्यावर शिकारी मोकाट सुटतील, जनावरे नष्ट होतील, अशी सरकारला काळजी वाटली, आणि ती खोटी नव्हती. रस्त्यावरच्या माणसांनी शिकार केलीच होती. म्हणून १९४३ साली येथे अभयारण्य जाहीर झाले. शिकार सर्वांना बंद. सर्वांना म्हणजे, ज्यांनी पिढ्यान्पिढ्या त्या डोंगरांत शिकार करूनच पोट भरले त्यांनाही. कायदा समान होता, ही गोष्ट खरी. परंतु रस्त्यावरून आलेला मनुष्य शिकार बंद झाली म्हणून उपाशी राहिला नाही. डबाबंद मटण त्याच्या मागोमाग येत होते. आपल्याच आजोबांच्या रानात पाय टाकणे हा गुन्हा ठरला. ही बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा मूळच्या लोकांना तेथे शिकारीची मोकळीक मिळाली, तरी पुष्कळ जण गेले नाहीत. भीती मुरली होती; आणि दोन पिढ्यांनी वाटा तुडविल्या नाहीत, म्हणजे वाटा सांगणारेही उरत नाहीत. आता माहितीपुस्तकातील तो शब्द पुन्हा घ्या. येथे माणसे नव्हती असे नाही. ती होती, आणि त्यांना बाहेर काढल्यावर प्रदेश निर्जन झाला. पुढे आलेल्या प्रवाशाला तो अनादि काळापासून निर्जन वाटला, आणि त्याने तसे छापले. मेळघाटातील किंवा धरणाखालील आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

याचा दुसरा भाग मात्र ऐकण्याजोगा आहे. १९७३ साली एलायजा स्मिथ हे युकॉनच्या आदिवासींचे पुढारी, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले गृहस्थ, आपल्या सहकाऱ्यांसह ओटावाला गेले आणि पंतप्रधान ट्रूडो, म्हणजे थोरले ट्रूडो, यांच्या हाती त्यांनी एक निवेदन ठेवले. 'उद्याच्या आपल्या मुलांसाठी आज एकत्र' असा त्याच्या नावाचा अर्थ. वीस वर्षे वाटाघाटी चालल्या. १९९३ साली पहिले करार झाले, त्यांत या भागातील शँपेन व ऐशिहिक लोकांचा होता. क्लुआनीच्या लोकांचा २००३ साली झाला. जमिनीचा काही भाग, स्वतःचा कारभार, आणि उद्यानाच्या व्यवस्थेत बसण्याची जागा त्यांना मिळाली. २००४ पासून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी आणि या लोकांनी मिळून वृद्धांना व मुलांना जुन्या वाटांनी, जुन्या मुक्कामांवर नेण्याचा उपक्रम चालविला. तुटलेले धागे सांधणे, अशा अर्थाचे त्याला नाव दिले. सगळे सांधले गेले असे नव्हे. शेजारच्या तळावरील बाईंनी आपल्या नातवाला मासे धरावयास आणले होते, ते आम्हांला यामुळे अधिक समजले, इतकेच.

बर्वॉशच्या पुढे अलास्काच्या सरहद्दीपर्यंत रस्ता समुद्रासारखा आहे. लाटा आहेत म्हणा ना! मोटारघरातील कपबशा, डबे, चिरंजीवांचा चष्मा, सर्व काही जागा सोडून नाचू लागले. कारण जमिनीखाली आहे. तेथे काही हातांखाली माती बारमास गोठलेली असते. १९४२ च्या शिपायांनी प्रथम वरचे शेवाळ खरवडून काढले, तेव्हा उन्हाने ती माती वितळली आणि यंत्रे चिखलात रुतली. मग त्यांना कळले की शेवाळ हीच त्या जमिनीची गोधडी आहे, ती काढावयाची नाही. तिच्यावरच ओंडके आडवे अंथरून त्यावर रस्ता घालावयाचा. आता गोधडी असूनही माती वितळते आहे. बीव्हर क्रीकजवळ २००८ साली रस्त्याचे काही तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने बांधून, जमीन थंड कशी ठेवावी, याचे प्रयोग सुरू करण्यात आले. ताशी चाळीस किलोमीटरांच्या वेगाने, एका हाताने डब्यांचे कपाट धरून, आम्ही त्या गावात शिरलो.

आमच्याजवळ अमेरिकेचा परवाना नव्हता, तेव्हा सिम्स आणि यालुफ्का जेथे भेटले त्याच परिसरातून आम्हांला गाडी फिरवावी लागली. तीस फुटांचे घर त्या रस्त्यावर वळविण्यास अर्धा तास लागला. मागे उभे राहून हात दाखविण्याचे काम आमच्याकडे होते, नात 'अजून, अजून' म्हणून ओरडत होती, आणि डासांनी आम्हां सर्वांस फोडून काढले होते. परतीच्या वाटेवर स्लिम्सच्या पुलाशी पुन्हा थांबलो. वारा पडलेला होता. पात्राच्या मधोमध पाण्याची एक बारीकशी धार तेवढी चमकत होती.

वेळ झाली आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले.